सगळ्यांचे टॅब

आमच्या घरचा लॅपटॉप उघडला की मला सिंकच्या जाळीत अडकलेला भात आठवायचा. वरून पाणी सोडून जात नाही, बोटांनी उचलायचा धीर होत नाही, आणि रोज त्यात भर पडते. माझ्या नवऱ्याचे, हृषिकेशचे टॅब तसे होते. ब्राउझरच्या एका विंडोत इतके, की आधी नावं दिसेनाशी होतात, मग छोटी चित्रं, आणि शेवटी उरतात नुसत्या रेघा, मळ साचलेल्या फणीच्या दातांसारख्या. अशा विंडो तीन-चार, एकीमागे एक.

"यातलं काही बंद कर ना रे," मी म्हणायचे.

"असू दे. लागेल."

"लॉनमोवरचे चार टॅब आहेत. लॉनमोवर घेऊन वर्ष झालं."

"बिघडला तर?"

बाकीचे टॅबही तसलेच. संपून गेलेल्या मॅचचा स्कोअर, ब्रिस्बेनहून येणाऱ्या आंब्यांच्या पेट्या, गाडीचं रजिस्ट्रेशन म्हणजे इथली रेगो, कुठल्याशा पंपाचं मॅन्युअल, एकदाही न केलेली मिसळ. शेतांना पाणी देणाऱ्या पंपांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत नवरा इंजिनिअर. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या आजूबाजूची शेतं त्याच्या कोडवर भिजतात म्हणे. उघडून ठेवलं म्हणजे काम अर्धं झालं, अशी त्याची समजूत आहे. माझ्या मते अर्ध्याहून जास्त सडलं.

माझा लॅपटॉप ऑफिसचा होता, नोकरी सोडली तेव्हा तो परत गेला. त्यामुळे माझे टॅबही याच ढिगात पडायचे, आणि खरं सांगायचं तर ते त्याच्याहून ओंगळ होते. दोन वर्षांचं मूल बोलत नाही. अडीच वर्षांचं मूल बोलत नाही. मूल हाक मारल्यावर बघतं पण बोलत नाही. वर लिहिलेलं, घाबरण्याचं कारण नाही. खाली स्क्रोल केलं की घाबरण्याची कारणं. मध्ये व्हिटॅमिनच्या गोळ्यांची जाहिरात, तिच्यात दात काढून हसणारं एक गोरं पोर. मी हे सगळं डायनिंग टेबलाशी बसून वाचायचे आणि समोर फरशीवर आमची निहारिका डबे एकावर एक रचत असायची. "निहू, चप्पल आण" म्हटलं की चप्पल आणायची, दोन्ही, बरोबर जोडी. केळ्याला "नाना" म्हणायची. बाकी जगातल्या सगळ्या वस्तूंना "ऊं".

मुलांच्या दवाखान्यातल्या नर्सने स्पीच थेरपिस्टकडे जायला सांगितलं त्याला आठ महिने झाले होते. वेटिंग लिस्ट तेवढी होती. अखेर ऑगस्टमधली तारीख मिळाली. हृषीच्या ईमेलवर तिची लिंक आली, कारण माझा ईमेल मी तेव्हा आठवड्यातून एकदा उघडत होते. लिंक उघडली की तारीख दिसायची आणि खाली तीन बटणं : बघा, बदला, रद्द करा.

पुण्याला काही सांगायचं नाही, हे आमचं ठरलं होतं. ठरवलं हृषीनेच. "आईला सांगितलं की अख्ख्या कोथरूडला कळेल. एकदा तपासणी होऊ दे, मग बघू." मला बरंच वाटलं. माझी भीती निदान माझ्या घरात राहील.

मग एक दिवस क्लिनिकचं पार्किंग कुठे आहे ते बघायला मी तो तारखेचा टॅब शोधायला गेले आणि सापडेना. ढिगात हात घालून घालून थकले. तीच लिंक आधी तीनदा उघडून ठेवलेली निघाली. बाहेर रेंजच्या डोंगरावरून चढलेलं धुकं थेट कुंपणापर्यंत आलं होतं, निहू झोपली होती. म्हटलं, आज आवरायचंच.

ब्राउझरमध्ये टॅबचे ग्रुप करता येतात, त्यांना नाव देता येतं, रंग देता येतो. हृषीचं घरचं राखाडी. पंपाचं नारिंगी. आणि माझं निळं, त्यात क्लिनिकची लिंकही : "निहारिका – बोलणं". लॉनमोवर मी चारही वेळा स्वतःच्या बोटाने मारला, फार बरं वाटलं. ग्रुपवर क्लिक केलं की तो मिटतो. इतक्या महिन्यांची भीती एका बोटाएवढ्या निळ्या पट्टीत मिटली आणि मी कितीतरी दिवसांनी चहा गरम असताना प्यायले.

त्या रविवारी पुण्याशी व्हिडिओ कॉल झाला. सासूबाई सोफ्यावर, सासरे मागे त्यांच्या कॉम्प्युटरपाशी. माझे सासरे, पद्माकरराव, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या घरात एक वायर लोंबकळताना दिसायची नाही.

"कादंबरी, निहूच्या जिभेला वेखंड लावतेस का गं?" सासूबाईंनी विचारलं. "उगाळून, मधातून. हृषीला मी लावायचे."

"कशासाठी, आई?"

"कशासाठी म्हणजे. जीभ जड असली की सुटते."

"जीभ जड आहे असं कोण म्हणालं?"

त्यांनी मागे वळून सासऱ्यांकडे पाहिलं. एवढंसंच. पण लोकांचं असं पाहणं माझ्या नजरेतून सुटत नाही.

सासरे कॅमेऱ्याजवळ आले. "कोणी म्हणायला कशाला पाहिजे. निहू, इकडे बघ. म्हण, आबा. आ... बा."

निहूने त्यांना डब्याचं झाकण दाखवलं.

"झाकण नको. आबा म्हण, मग आबा चॉकलेट पाठवणार. आ..."

पोपटाला शिकवतात तसं, हातवारे करून. निहू टेबलाखाली गेली. मी नेटवर्क गेल्याचं सोंग केलं.

"तू सांगितलंस," कॉल संपल्यावर मी हृषीला म्हटलं.

"आईशप्पथ नाही."

"मग वेखंड काय आभाळातून पडलं?"

तो हसला. त्याला ते विनोदी वाटलं. मला त्याचं हसू इतकं किळसवाणं याआधी कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी निळा ग्रुप उघडला तर त्यात एक टॅब जास्त. भगवा कुर्ता घातलेला एक माणूस लहान मुलाच्या कानाशी पितळेची घंटा वाजवतोय, खाली लिहिलंय, तीन आठवड्यांत बोलू लागेल. दुसऱ्या दिवशी आणखी एक : टीव्ही बंद करा, मूल आपोआप बोलेल. आमच्याकडे टीव्ही नाही. तिसरा आला तो मात्र माझ्यावरच होता. आईच्या ताणामुळे मूल मुकं राहतं का.

घरात माणसं किती. बोलता न येणारी एक, मी, आणि तो. म्हणजे ज्या माणसाला माझ्या तोंडावर हे म्हणायचं धाडस नाही, तो माझ्याच ग्रुपमध्ये गुपचूप टॅब ठेवून जातो. मी त्याच्याशी हो-नाहीपुरतं बोलू लागले. तो जेवायला बसला की त्याच्या चावण्याचा आवाज यायचा आणि मी उठून ओटा पुसायला लागायचे, पुसलेलाच.

शेवटी न राहवून विचारलं. "तो घंटावाला तूच टाकलास ना?"

"कोण घंटावाला?"

मी दाखवलं. त्याने बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. "हे तूच उघडलं असशील. तू दिवसभर काय काय उघडत असतेस."

म्हणजे तो मला तसं समजत होता आणि मी त्याला.

मग मंगळवारी मी क्लिनिकला फोन केला. निहूचं एखादं खेळणं आणू का, एवढंच विचारायचं होतं.

रिसेप्शनवरची बाई गोड बोलणारी. तिने नाव पाहिलं. "पण डार्ल, तुम्ही तर शुक्रवारी कॅन्सल केलंय."

"मी नाही केलं."

"ऑनलाइन झालंय. जागा दुसऱ्या मुलाला गेली." पुढची तारीख नव्या वर्षात, ती म्हणाली. तिने माझा नंबर दुसऱ्या एका यादीत घातला. कोणी आयत्या वेळी आलं नाही तर ती फोन करेल, पण मग तासाभरात पोचावं लागेल. नो वरीज, म्हणाली.

हृषीला मी फोनवर सांगितलं होतं, संध्याकाळी आला तो चेहरा पाडूनच. त्याने खरंच रद्द केलं नव्हतं, ते मला त्याच्याकडे बघून कळलं. मेलमध्ये क्लिनिकचं पत्र होतं, रद्द झाल्याचं, आणि ते कोणीतरी वाचलेलं होतं. मग त्याने पहिल्यांदा त्या लॅपटॉपकडे इंजिनिअरसारखं बघितलं. अकाउंटच्या सेटिंगमध्ये गेला. त्याचं अकाउंट कुठे कुठे चालू आहे ती नावं आली. हा लॅपटॉप. त्याचा फोन. आणि तिसरं : बाबांचा कॉम्प्युटर, पुणे. आत्ता चालू.

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो मान खाजवायला लागला. मागच्या पुण्याच्या ट्रिपला बाबा वैतागलेले, यूट्यूबवर कीर्तन ऐकताना मध्येच जाहिराती येतात म्हणून. आपण पैसे भरतो, आपल्याला जाहिराती येत नाहीत. मग त्याने आपलंच अकाउंट तिथे टाकून दिलं. "त्यांचं वेगळं प्रोफाइल करायचं होतं. राहून गेलं."

राहून गेलं. मला ते दोन शब्द त्याच्या तोंडावर फेकून मारावेसे वाटले.

"म्हणजे माझे सगळे टॅब तिकडे दिसत होते?"

"सगळे नाही तसे. हिस्ट्रीत जाऊन कोण बघतं. पण तू ग्रुप केलेस ना, नाव देऊन, ते सेव्ह होतात. मग ते तिकडे वरच्या पट्टीत आपोआप येतात."

म्हणजे घाण होती तोवर झाकलेली होती. मी आवरलं म्हणून दिसली.

आणि तेवढ्यात, आम्ही दोघं बघत असताना, निळ्या ग्रुपमध्ये एक नवा टॅब उगवला. माउसला कोणाचा हात नव्हता. आधी रिकामा, मग त्याला नाव आलं : जड जिभेवर घरगुती उपाय. पुण्यात तेव्हा दुपार होती. जेवण करून, सुपारी कातरून कोणीतरी आमच्या घरात बसलं होतं. मला अंगावरून पाल गेल्यासारखं झालं.

हृषीने फोन स्पीकरवर लावला. मी त्याला बोलू दिलं नाही.

"बाबा, निहूची अपॉइंटमेंट तुम्ही रद्द केलीत?"

"हो," सासरे म्हणाले. लपवाछपवी नाही, काही नाही. "मी तुम्हाला सांगणारच होतो. इथे वर एक निळी पट्टी आली. बघतो तर माझ्या नातीचं नाव आणि आत सगळं अभद्र. रोज सकाळी मशीन लावलं की तेच समोर. मला बघवेना."

"ते तुम्ही बघायचं नव्हतंच."

"आणि तू बघायचं होतंस? वाचून वाचून तुझ्या डोक्यात भरलंय ते. अगं, हृषी साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता बघ, थांबतो का." मागे सासूबाई हसल्या. "एकदा डॉक्टरकडे नेलं की शिक्का बसतो. तो पुढे शाळेपर्यंत जातो. म्हटलं, तारीख टळली की विषय मिटेल. आणि पसारा केवढा होता त्यात. चार पानं मीच मिटली."

"आम्ही काही गावभर केलं नाही हं," सासूबाई समजुतीने म्हणाल्या. "फक्त शैलावन्संना दाखवलं. आणि त्यांच्या जावयांना, ते डॉक्टर आहेत ना. घरातल्या घरात."

माझ्या कपाटातले आतले कपडे कोणीतरी बाहेर काढले, चार जणांना दाखवले, आणि प्रेमाने घडी घालून परत ठेवले, असं वाटलं. ओरडावं तरी कोणावर. घडी तर नीट घातली होती.

"बाबा, विचारून करायला हवं होतं," हृषी म्हणाला. चहात साखर कमी झाली सांगावं, त्या आवाजात. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "काळजीपोटी केलं गं त्यांनी."

"त्यांना साइन आउट कर."

"करतो. रविवारी समजावून सांगतो, नवीन अकाउंट काढून देतो. असं एकदम केलं तर त्यांना वाटेल घरातून काढलं."

"आठ महिने, हृषी. क्लिनिकने नवीन वर्ष सांगितलंय. तेव्हा निहू तीनची होईल."

"मला कळतंय."

"तुला कळत असतं तर तुझं बोट आत्तापर्यंत त्या बटणावर असतं."

ते हललं नाही. मग मी माउस ओढला आणि केलं. अर्ध्या मिनिटात त्याचा फोन वाजला. "हृषी, हे पासवर्ड मागतंय रे." तो फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. काचेतून दिसत होता, कपडे वाळत घालायच्या दांड्याभोवती फेऱ्या मारत, मान हलवत, मऊ आवाजात समजावत. बाहेर इथली ऑगस्टची थंडी, अंगात स्वेटर नाही. स्वतःच्या मुलीसाठी तो असा कधी थंडीत उभा राहिलेला मला आठवत नाही.

त्या रात्रीपासून एक ठरवलं. क्लिनिकचा फोन येईपर्यंत गाडी घरी राहील. इथे बस आहे म्हणायला आहे, आणि तासाभरात निहूला घेऊन कुठे पोचायचं तर गाडीच हवी. हृषी कामावरच्या एका मेटबरोबर त्याच्या युटमधून, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, जायला लागला. आठवडा नीट गेला. मग एका सकाळी तो मेट सिक, साइट लांब डाल्बीकडे.

"आजचा एक दिवस," तो गाडीची किल्ली उचलत म्हणाला. "आजच कुठे फोन येणार आहे."

फोन त्याच आर्व्होला, ऐन दुपारी आला. सव्वादोनची जागा रिकामी झालीय, येताय का? हो म्हणून मी ठेवला आणि हृषीला लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी. निहूला मोजे घालता घालता एका हाताने लावत होते. बिझी. टॅक्सी कंपनीचा फोन मात्र लगेच लागला. पण टॅक्सी यायला इतका वेळ लागला, की तोवर मी ड्राइव्हवेच्या टोकाशी उभी राहून रस्त्यावरच्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात केला असेल.

टॅक्सीत बेबी सीट नव्हती. टॅक्सीत चालतं, ड्रायव्हर म्हणाला. कायद्याने चालत असेल, मला चालत नव्हतं. पार्किंगमध्ये गाडी सरकवायलाही मी पोरीचे पट्टे तपासते. तिला मध्ये बसवून, पट्टा लावून, वर माझा हात आडवा धरला आणि प्रत्येक सिग्नलला तो हात आणखी घट्ट केला. त्यात फोन थरथरला. हृषीचा मेसेज : बाबांचं नवीन अकाउंट करून देतोय, त्यांना स्क्रीनवर घेतलंय, ५ मिनिटं.

मी त्याला क्लिनिकचा पत्ता पाठवला, बाकी काही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मा वेळ गेला होता. थेरपिस्ट तरुण होती, पायांत मोजेच घालून कार्पेटवर बसलेली. तिने निहूला एकदाही "म्हण" म्हटलं नाही. साबणाचे फुगे सोडले आणि थांबली. निहूने फुग्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग तिच्या डोळ्यांत बघून तिचा हात बाटलीकडे ओढला. "ऊं." थेरपिस्टने फुगे सोडले. पुन्हा थांबली.

घरात आणखी कोणी उशिरा बोललं होतं का, तिने मला विचारलं. वडील, मी म्हटलं. साडेतीन वर्षांपर्यंत नाही. तिने मान डोलावली, हे उपयोगाचं आहे, म्हणाली. ते मला कोणाकडून आणि कसं कळलं, ते आठवून तोंडात कडू आलं.

बाहेर आले तर कार पार्कमध्ये आमची गाडी. हृषी तिला टेकून उभा, कपाळावर घाम, आणि हात लांब करून फोन समोर धरलेला. स्क्रीनवर दोन कपाळं.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. "आईबाबाही थांबलेत."

"फोन ठेव."

"अगं, ते केव्हापासून..."

"ठेवलास की सांगते. नाहीतर टॅक्सीने आलो, टॅक्सीने जाऊ."

फोनमधून सासऱ्यांचा आवाज आला. "कादंबरी, आम्ही परके आहोत का?"

मी हृषीकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता, निहूकडे बघत होता. ती गाडीच्या दाराची कडी ओढत होती, उघडत नाही म्हणून त्याच्याकडे बघून पुन्हा ओढत होती.

"बाबा, ठेवतो."

"मग नंतर कर, आम्ही घरीच..."

"नंतर मी नाही करणार. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल." आणि त्याने ठेवला. तो लगेच त्याच्या हातात वाजायला लागला. त्याने आवाज बंद केला आणि खिशात घातला. खिसा थरथरत राहिला.

मग मी सांगितलं. तिला सगळं समजतंय. बोलणं मागे आहे, थांबून चालणार नाही. दर पंधरा दिवसांनी यायचं, घरी मराठीच बोलायचं, आणि आईवडील दोघांनी शिकायचं.

"मी पण?"

"दोघांनी."

त्याने निहूला सीटमध्ये बसवलं. पट्टा लावला, मी तो तपासला. तो पुढे बसला आणि बाजूच्या सीटवरची त्याची बॅग उचलून मागे टाकायला लागला, माझ्यासाठी. मी मागे, निहूशेजारी जाऊन बसले. त्याच्या शर्टाला डिझेलचा आणि घामाचा वास येत होता आणि एवढ्या जवळ मला तो आज सोसला नसता.

"पुढची तारीख मेलवर येईल ना?" त्याने आरशातून विचारलं.

"माझ्या मेलवर," मी म्हटलं. "मी आतच बदलून आले."